शेवंतीचं पॉलिहाऊस : उजेड, अंधार, तापमान आणि दमटपणा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिहाऊस उभं करणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पाइप आणि प्लास्टिकचा असतो. शेवंतीच्या बाबतीत पहिला प्रश्न रात्रीचा असायला हवा. गेल्या काही वर्षांत फोनवर आणि बांधावर जे प्रश्न सतत आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हिशेब पुणे, सातारा, नगर या पट्ट्यातल्या हवामानाचा धरला आहे.

शेवंतीला नेमकी गरज कशाची? उन्हाची की सावलीची?

वाढायला ऊन लागतं, फुलायला लांब रात्र लागते. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळं गणित बिघडतं. शेवंती हे लहान दिवसाचं झाड आहे. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा मोठा असेल तर ती नुसती पानं आणि काड्या वाढवते. दिवस त्यापेक्षा लहान झाला की शेंड्यातून नवीन पानं काढणं थांबवते आणि तिथेच कळी धरते. आपल्याकडे जुन्या वाणांची तूर कधीही पेरली तरी दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यात येते, तीच ही जात. वर्षानुवर्षं शेवंती दिवाळीच्या आगेमागे आणि मार्गशीर्षात भरभरून येत आली, त्याचं कारण थंडीपेक्षाही जास्त त्या लांब होत जाणाऱ्या रात्रींत आहे.

झाडाला दिवस-रात्र कळते कशी?

पानांमधून. पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबडा उजेड पडला की ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परत फिरतं. अंधार पुरेसा लांब झाला की पान एक संदेश तयार करतं, तो खोडातून शेंड्यापर्यंत जातो आणि शेंडा कळीकडे वळतो. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात हे शेवंतीवरच दाखवलं. झाडाच्या खालच्या पानांना लहान दिवस आणि पानं काढलेल्या शेंड्याला मोठा दिवस दिला, तर झाड फुललं. उलट केलं तर फुललं नाही. म्हणजे शेंडा फक्त ऐकतो, मोजमाप पानं करतात.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची आहे. शेताच्या बांधावर वाढणारं आणि काटेरी फळं धोतराला चिकटवणारं लांडगा हे तण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याच तणाच्या जातीवर प्रयोग करून दाखवलं की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तर झाडाच्या लेखी ती लांब रात्र राहत नाही. शेवंतीतला सगळा बल्बचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्याकडे मुळातच दिवस लहान, मग बल्ब लावायची गरज काय?

दिवस लहान आहेत म्हणूनच गरज आहे. पुण्यात २१ जूनला सूर्य साधारण सव्वातेरा तास वर असतो, डिसेंबरमध्ये अकरा तास. हॉलंडमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात फुलं हवी तर काळा पडदा ओढावा लागतो. आपली अडचण उलटी आहे. ऑगस्टनंतर लावलेलं रोप जमिनीतून वीतभर वर येतं न येतं तोच कळी धरतं. काडी आखूड राहते, फूल बारीक येतं आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही.

म्हणून आधी रात्रीचा दिवा देऊन झाड वाढवायचं आणि काडी हवी तेवढी झाली की दिवा बंद करायचा. जपानमध्ये आइची प्रांतातल्या ताहारा भागात शेवंतीची काचघरं याच कारणानं रात्री झगमगताना दिसतात. ओकिनावात तर उघड्या शेतात बल्बच्या माळा असतात.

दिवे किती, कोणते आणि किती वाजता?

रात्री १० ते २. संध्याकाळी सहाला दिवा लावून दहाला बंद केला तर वीज तेवढीच जाते, पण पुढे सलग आठ तासांचा अंधार उरतो. मधोमध दिवा लावला की रात्रीचे दोन छोटे तुकडे होतात आणि परिणाम जास्त खात्रीचा मिळतो.

उजेड शेंड्याच्या उंचीवर सुमारे १०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) पाहिजे. हे मोजायला लक्स मीटर घ्या, महाग नसतो. बल्बखाली उभं राहून मोजू नका, दोन बल्बांच्या मधल्या अंधूक जागी मोजा, कारण पीक बिघडतं ते तिथेच. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये ९ वॅटचे एलईडी बल्ब अडीच मीटरवर टांगले तर साधारण एकशे साठ बल्ब लागतात. भार दीड किलोवॉटच्या आत राहतो आणि चार तासांत सहा युनिटपेक्षा कमी वीज जाते. उजेड खाली पडावा म्हणून वर पत्र्याची किंवा पांढऱ्या प्लास्टिकची टोपी लावा.

रंगाचं म्हणाल तर तांबड्या उजेडाचा परिणाम सर्वांत जास्त. पिवळसर पांढरा एलईडीही चांगला, कारण त्यात तांबडा भाग पुरेसा असतो. जुने तारेचे पिवळे बल्ब काम करतात, पण वीज खातात आणि त्यांच्या उजेडात झाड थोडं जास्त ताणतं.

विजेची आणखी बचत करायची असेल तर आलटून-पालटून दिवे लावता येतात. प्रत्येक अर्ध्या तासात दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद. एलईडीला हे चालतं. सीएफएल किंवा ट्यूबला सारखं चालू-बंद केलं तर त्या लवकर जातात. टायमर बॅटरीवाला घ्या, नाहीतर वीज गेली की घड्याळ थांबतं आणि रात्री दहाचा दिवा पहाटे तीनला लागतो.

आणि कळकळीनं सांगतो, पॉलिहाऊस ओलं असतं. होल्डर पाणी न शिरणारे वापरा, जोड उघडे ठेवू नका आणि लाइनवर गळतीला ट्रिप होणारा ब्रेकर बसवा. आतमध्ये माणसं अनवाणी, ओल्या हातांनी काम करतात.

रात्री वीजच नसली तर?

एखादी रात्र चुकली तर सहसा पीक हातचं जात नाही. ओळीनं चार-पाच रात्री गेल्या तर मात्र शेंडा फिरतो. तो फिरला का हे डोळ्यांनी बघता येतं. शेंडा खुडून घ्या, ब्लेडनं वरची बारीक पानं एकेक सोडवा आणि दहापट भिंगाखाली धरा. टोक निमुळतं असेल तर झाड अजून वाढीत आहे. टोक पसरून बुटक्या घुमटासारखं झालं असेल तर कळी धरली. बाहेरून कळायला आणखी काही दिवस लागतात. शेंड्याजवळची पानं कातरं सोडून अरुंद, पट्टीसारखी यायला लागतात. ती पट्टीची पानं दिसली आणि नंतर पुन्हा दिवे दिले, तर ना धड वाढ मिळते ना धड फूल. अशा वेळी बहुतेकदा शेंडा खुडून बाजूच्या फांद्यांवर पीक घेणं बरं पडतं. त्यात साधारण दोन आठवडे मागे पडतात.

रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरचा खर्च सुरुवातीच्याच हिशेबात धरा. एलईडीमुळे तो आता आवाक्यात आहे.

चंद्राच्या उजेडानं फरक पडतो का?

नाही. पौर्णिमेचा उजेड एक लक्सचाही भरत नाही.

मग रस्त्यावरच्या दिव्यानं?

पडतो, आणि चांगलाच पडतो. माझ्या शेडच्या पूर्वेला वस्तीवर जाणारा रस्ता आहे. एका वर्षी तिथे पांढरा एलईडी दिवा बसला. नोव्हेंबरात बाकीच्या बेडवर फुलं रंगली आणि रस्त्याकडच्या दोन ओळी हिरव्यागार, कंबरेच्या वर गेलेल्या. गंमत म्हणजे एका खांबाची सावली तिरपी पडत होती, त्या सावलीच्या पट्ट्यातली झाडं मात्र वेळेवर फुलली होती. हिरव्या गर्दीत फुलांची एक तिरपी रेघ. खत कमी-जास्त झालं, रोप वेगळं आलं, असं सगळं तपासून झाल्यावर रात्री नऊला तिथे उभं राहिलो तेव्हा कारण दिसलं. आता त्या बाजूला आठ फुटांपर्यंत काळा कागद लावलेला असतो.

तुमच्या शेडमध्ये अमावास्येच्या रात्री एक चक्कर मारा. हातातल्या कागदावरचं मोठं अक्षर दिसत असेल, तर फुलोऱ्याच्या काळात तेवढा उजेडही घात करू शकतो.

काळा पडदा कधी लागतो?

मे ते जुलैच्या दरम्यान कळी धरवायची असेल तेव्हा. सव्वातेरा तासांच्या दिवसाला पहाट-संध्याकाळचा संधिप्रकाश जोडला की झाडाच्या दृष्टीनं दिवस चौदा तासांच्या आसपास जातो आणि पीक अडखळतं. संध्याकाळी सात ते सकाळी सात असा बारा तासांचा अंधार द्यावा. पडद्याच्या आत २० लक्सपेक्षा जास्त उजेड राहता कामा नये.

खरी अडचण उष्णतेची आहे. ऊन असताना पडदा ओढला की आत भट्टी होते, म्हणून पाच वाजता ओढायची घाई करू नका. बाहेरून चंदेरी आणि आतून काळा असा पडदा घ्या. पूर्ण अंधार पडल्यावर बाजू थोड्या उघडून रात्रीची हवा आत घ्यायची आणि उजाडण्याआधी पुन्हा बंद करायच्या. हे रोज, कळीला रंग दिसेपर्यंत. रविवारी सुट्टी घेतली तर त्या हिशेबानं फुलं पुढे जातात.

तापमान किती ठेवावं?

रात्री १५ ते १८ अंश आणि दिवसा १८ ते २५ अंश हे शेवंतीचं सुख. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं हवामान नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळतं, म्हणून माझं मत असं की पहिली दोन पिकं याच काळात घ्या. तापमान ३० च्या वर राहू लागलं, विशेषतः रात्रीही उकाडा असला, की कळी धरूनही पुढे सरकत नाही. अंधार नीट दिलेला असतो, दिवस मोजलेले असतात आणि तरी फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतात. गुलाबी आणि जांभळ्या जातींचा रंग उडतो तो याच उष्णतेनं. पांढऱ्या-पिवळ्या जाती यात जास्त सोशिक.

पंखे-पॅडचं (पंख्यांनी ओल्या पॅडमधून गार हवा ओढणारं) बंदिस्त पॉलिहाऊस करायचं की नैसर्गिक हवेचं? दख्खनच्या पठारावर नैसर्गिक हवेचं पुरतं, असं मी म्हणेन. विजेचं बिल शेवटी फुलांतूनच निघायला हवं. वरची खिडकी वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवा, बाजूचे पडदे रोज हातानं वर-खाली करा, उन्हाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट दुपारपुरती ओढा. दुपारपुरतीच. सकाळी नऊला नेट ओढून दिवसभर विसरणं ही फार दिसणारी चूक आहे. त्यानं काडी लुळी होते.

प्लास्टिकवरची धूळ पावसाळा संपला की धुऊन काढा. शेवाळ आणि धुळीमुळे किती उजेड अडतो हे धुतलेल्या आणि न धुतलेल्या पट्टीखाली लक्स मीटर धरून बघितलं की पुन्हा कोणाला सांगावं लागत नाही.

दमटपणा जास्त असेल तर काय बिघडतं?

रोग. दिवसा ७० ते ८० टक्के दमटपणा शेवंतीला मानवतो. धोका आहे तो पहाटेचा. रात्रभर पडदे घट्ट बंद राहिले की आतली हवा गार होते, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि पानांवर टपकतात. पान काही तास ओलं राहिलं की पांढरा तांबेरा, पानांवरचे काळे ठिपके, फुलांवरची करडी बुरशी यांना दार उघडं.

सकाळी सहाला शेडमध्ये जा आणि मधल्या बेडमधल्या पाच-सहा झाडांची खालची पानं उलटी करून बघा. वर फिकट पिवळा ठिपका आणि त्याच्या बरोबर मागे पांढरट-गुलाबी, उंचवट्यासारखा फोड दिसला तर तो पांढरा तांबेरा. ते झाड तिथल्या तिथे पिशवीत घालून बाहेर काढा, हातात नाचवत शेडभर नेऊ नका. मग पाणी सकाळीच देणं, फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) दुपारी तीननंतर बंद ठेवणं, सूर्य वर येताना पडदे हातभर उघडणं, एवढं केलं तरी फवारण्या बऱ्याच कमी होतात.

उलट हवा फार कोरडी असली तर लाल कोळी आणि फुलकिडे वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर उद्यावर टाकू नका.

कार्बन डायऑक्साइड सोडायचा का?

पडदे उघड्या शेडमध्ये नाही. वाऱ्यावर पैसे उडवण्यासारखं होतं. हवा खेळती ठेवा, पुरेल.

माती कोणती आणि पाणी कसं?

काळी माती धरून ठेवते, मुळं गुदमरतात आणि मर रोग लागतो. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस यांचे बेड करा. रुंदी ९० सेंमी, उंची ३० ते ४५ सेंमी, मधली वाट अर्ध्या मीटरची. सामू (पीएच) ६ ते ६.५. पाण्याची तपासणी मातीच्या आधी करा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर सामू महिन्या-दोन महिन्यांत वर चढतो आणि नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. तिथे लोहाची कमतरता म्हणून खत ओतत बसण्यापेक्षा पाण्याचा सामू उतरवावा लागतो.

पाण्यासाठी मूठ हे माझं मोजमाप. बेडमध्ये चार बोटं खालची माती घेऊन मूठ आवळा. गोळा झाला आणि बोटांतून पाणी आलं नाही तर बरोबर. पाणी आलं तर आज ड्रिप बंद. गोळाच झाला नाही तर उशीर झालाय.

खतात एक चूक टाळा. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खतं एकाच टाकीत मिसळू नका. तळाला पांढरा साका बसतो, ड्रिपर बंद होतात आणि झाडाला काहीच मिळत नाही. सुरुवातीला नत्र भरपूर, कळी धरल्यावर पालाश वाढवा. रंग दिसू लागला की नत्र जवळजवळ थांबवा, नाहीतर काढणीनंतर पानं लवकर पिवळी पडतात.

दिवाळीला फुलं हवीत. लागवड कधी करू?

मागून मोजा. समजा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि माल २ नोव्हेंबरपासून तोडायचा आहे. शेवंतीच्या कापाच्या (काडीसकट तोडून विकायच्या) जाती लांब रात्री सुरू झाल्यापासून साधारण ७ ते ९ आठवड्यांत येतात. हा आकडा जातीप्रमाणे बदलतो आणि रोपवाटिकेकडून तो विचारून घेतल्याशिवाय रोप घेऊ नका. आठ आठवड्यांची जात धरली तर दिवे ७ सप्टेंबरला बंद. त्याआधी चार आठवडे दिव्याखाली वाढ, म्हणजे लागवड १० ऑगस्टला. कटिंगला मुळं फुटायला दोन आठवडे, म्हणजे शेंडे खोवायचे २७ जुलैला. ज्या मातृझाडांवरून शेंडे घ्यायचे त्यांनाही रात्रीचे दिवे चालूच हवेत, नाहीतर कटिंगमध्येच कळी येते.

ऑक्टोबरचा उकाडा मध्ये येतो, त्याचे पाच-सहा दिवस जादा धरा आणि सगळ्या तारखा तेवढे दिवस आधी घ्या. शिवाय पूर्ण शेड एकाच तारखेला लावू नका. तीन भाग करून पाच-पाच दिवसांचं अंतर ठेवलं तर गुलटेकडीला किंवा दादरला भाव कोसळलेल्या एकाच दिवशी सगळा माल नेण्याची पाळी येत नाही.

पॉलिहाऊस नाही, उघड्या रानात दिवे लावून जमेल का?

जमेल. झिप्री, राजा, सोनाली तारा यांसारख्या सुट्या फुलांच्या जाती लोक उघड्यावरच घेतात आणि बल्बनं फुलोरा पुढे ढकलणं तिथेही लागू पडतं. पाऊस आणि उष्णता मात्र तुमच्या हातात राहत नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं दोन गुंठ्यांवर एक हंगाम असा करून बघावा. शेडचं कर्ज त्यानंतर.

घरच्या गॅलरीतली कुंडी हिरवी आहे, पण फुलतच नाही. का?

गॅलरीत रात्री बारापर्यंत ट्यूब चालू असते का? नव्वद टक्के घरांत उत्तर तिथेच सापडतं. रोपवाटिकेतून फुलांसकट आणलेली कुंडी एकदा फुलून गेली की पुढच्या वेळी तिला अंधार तुम्हीच द्यायचा असतो. फुलं सुकल्यावर झाड चार बोटं ठेवून छाटा, उन्हात वाढवा, फुटव्यांचे शेंडे दोनदा खुडा. मग सप्टेंबरपासून संध्याकाळी सात ते सकाळी सात कुंडी दिवा न लागणाऱ्या खोलीत ठेवा किंवा वर मोठं खोकं उपडं घाला. सकाळी आठवणीनं खोकं काढून पुन्हा उन्हात. पाच-सहा आठवड्यांत कळ्यांना रंग दिसला की खोक्याचं काम संपलं, कुंडी गॅलरीत ठेवा आणि ट्यूब हवी तेवढी चालू द्या.